वॉर्डातला पहिला डॉक्टर कोण निवडतं?

भंडारा जिल्ह्यात जुलै उजाडला की रोवणीची घाई सुरू होते. साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवलेली माणसं रात्री घरात जमिनीवरच अंथरूण टाकतात आणि पडल्या पडल्या झोपी जातात. मण्यार साप याच दिवसांत, याच वेळी घरात शिरतो. त्याचा दंश बहुतेकदा जाणवतही नाही. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून उठतो. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं. तासाभरात पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं, थुंकी गिळता येत नाही. मग 108 ला फोन, साकोली, तिथून भंडारा, आणि श्वास मंदावायला लागला की एकच शब्द ऐकू येतो: ‘मेडिकलला न्या’. मेडिकल म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. राष्ट्रीय महामार्गाने शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता.

तिथे कॅज्युअल्टीत या रुग्णाला प्रथम हात लावणारा डॉक्टर प्राध्यापक नसतो. तो असतो जेआर-1, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर. वय पंचवीस-सव्वीस, डोळ्यांत रात्रीचं जागरण, खिशात स्टेथोस्कोप आणि न संपणारी कामांची यादी. सलाईन लावणं, रक्ताचे नमुने पाठवणं, केस पेपर लिहिणं, वरच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला फोन करणं, सगळं त्याच्याच गळ्यात. पोट दुखतंय आणि पापण्या खाली येताहेत, एवढ्यावरून ‘रात्री जमिनीवर झोपला होता का?’ हा प्रश्न ज्याला सुचतो त्या डॉक्टरमुळे रुग्ण वाचतो. प्रतिविष आणि वेळेत लावलेला व्हेंटिलेटर मिळाला, तर मण्यार चावलेला माणूस काही दिवसांत स्वतःच्या पायांनी घरी जातो.

या जेआर-1 ला तिथे निवडलं कोणी? कोणत्या कसोटीवर? कोविड महासाथीच्या दोन वर्षांत हा प्रश्न जगभर एकाच वेळी ऐरणीवर आला. अनेक देशांत ही निवड मुलाखतीने होते आणि 2020 मध्ये समोरासमोर मुलाखत घेणंच अशक्य झालं.

आपल्याकडचं उत्तर आधी पाहू, कारण ते थोडक्यात सांगण्याजोगं आहे. आपल्या निवासी डॉक्टरला निवडताना कोणीही त्याचा चेहरा बघत नाही. नीट-पीजी ही संगणकावरची परीक्षा. 2021 च्या परीक्षेत साडेतीन तासांत 200 बहुपर्यायी प्रश्न होते, 800 गुणांचे. त्या गुणांवरून देशभरातली रँक लागते. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, निम्म्या राज्याच्या. उमेदवार संकेतस्थळावर आपल्या पसंतीची विषय-महाविद्यालयांची यादी भरतो, रँक आणि आरक्षण यांच्या हिशेबाने संगणक जागा देतो. एके काळी या समुपदेशनासाठी विदर्भातल्या मुलांना कागदपत्रांची फाइल घेऊन मुंबई गाठावी लागायची. आता घरात बसून होतं. ज्या युनिटमध्ये तो पुढची तीन वर्षं राबणार, तिथल्या प्रमुखाला त्याचं नाव यादी लागल्यावरच कळतं.

एखाद्या परदेशी डॉक्टरला हे ऐकून धक्का बसतो. पण या व्यवस्थेमागे आपला स्वतःचा कडू अनुभव आहे. महाराष्ट्रात 1983 नंतर विनाअनुदानित वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली आणि देणग्यांचा बाजार इतका फोफावला की 1987 मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. अशा वातावरणात बंद खोलीतली मुलाखत म्हणजे वशिल्याला मोकळं दार. कोणाचा मुलगा, कोणाची चिठ्ठी, आडनाव काय, गाव कोणतं, हे सगळं त्या खोलीत शिरतं. खेड्यातल्या, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला रँकेने जे संरक्षण दिलं ते मुलाखतीने कधीच दिलं नसतं. मला स्वतःला या बाबतीत शंका नाही.

तरीही उमेदवाराला माणूस म्हणून तपासून पाहण्याची धडपड आपल्याकडेही झाली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची एमबीबीएसची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, तेव्हा तिच्यात गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. तमिळनाडूतल्या वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तर उमेदवारांना बोलावून घेऊन त्यांची कसून पारख करत असे. ‘नीट’ या देशव्यापी प्रवेश परीक्षेने हे मार्ग बंद केले. वेल्लोरने न्यायालयात दाद मागितली. 2017 मध्ये निषेध म्हणून त्यांनी एमबीबीएसला एकच विद्यार्थी घेतला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ‘नीट’ सर्वांना लागू, अल्पसंख्याक संस्थांनाही. निकालाची तारीख होती 29 एप्रिल 2020. देश टाळेबंदीत होता. आपल्याकडे मुलाखतीवर पडदा पडत होता आणि त्याच आठवड्यांत अमेरिकेतली रुग्णालयं मुलाखत पडद्यावर कशी न्यायची याची खलबतं करत होती.

अमेरिकेची पद्धत मराठी घरांना अगदीच परकी नाही. नागपूर, पुणे, मुंबई इथून एमबीबीएस झालेली मुलं दरवर्षी तिकडच्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करतात. तिथे परीक्षेचे गुण हा फक्त उंबरठा. त्यापुढे शिफारसपत्रं, स्वतःविषयीचं निवेदन आणि मग मुलाखती, एकेका उमेदवाराच्या पाच, दहा, पंधरा रुग्णालयांत. हिवाळाभर हा हंगाम चालतो. तो संपला की उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालयं क्रमाने लिहितो आणि रुग्णालयं आपल्या पसंतीचे उमेदवार. दोन्ही याद्या एका संगणकीय कार्यपद्धतीत जातात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कोण कुठे हे ठरतं. याला ‘मॅच’ म्हणतात. 1952 पासून ती सुरू आहे. तिच्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी 1962 मध्ये मांडलं, अल्विन रॉथ यांनी नव्वदच्या दशकात तिची आजची घडी बसवली आणि 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल शॅप्ली आणि रॉथ यांना मिळालं. 1 जुलैच्या आसपास नवे निवासी डॉक्टर वॉर्डात उभे. ही तारीख लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

महासाथीपूर्वी भारतीय उमेदवारासाठी ही मुलाखत म्हणजे घरच्यांच्या बचतीला लागलेली कात्री होती. व्हिसा, विमान, मग एका शहरातून दुसऱ्या शहरात बसने किंवा देशांतर्गत विमानाने जाणं, कोणा नातेवाइकाच्या मित्राकडे सोफ्यावर झोपणं, थंडीत एकुलता एक सूट सांभाळणं. त्याआधी ‘स्टेप टू सीएस’ नावाची रुग्ण तपासण्याची प्रात्यक्षिक परीक्षा. तिची केंद्रं साऱ्या जगात फक्त पाच, अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि फिलाडेल्फिया, म्हणजे सगळी अमेरिकेतच. ज्याच्या घरात एवढा पैसा नाही त्याची हुशारी मुलाखतीच्या दारापर्यंत पोचतच नसे.

मार्च 2020 मध्ये ही प्रात्यक्षिक परीक्षा थांबली, जानेवारी 2021 मध्ये कायमची बंद झाली आणि परदेशी पदवीधरांसाठी पात्रतेचे दुसरे मार्ग काढले गेले. मे 2020 मध्ये तिथल्या वैद्यकीय शिक्षण संस्थांच्या संयुक्त मंडळाने सांगितलं की येत्या हंगामात सगळ्या मुलाखती आभासी घ्याव्यात. वैद्यकीय महाविद्यालयांत वर्ग ठप्प, परीक्षा लांबलेल्या, म्हणून रुग्णालयांना अर्ज उघडून द्यायची तारीख सप्टेंबरच्या मध्यावरून 21 ऑक्टोबरवर ढकलली. बाकी वेळापत्रकाला धक्का लागू दिला नाही.

त्या हिवाळ्यात नागपुरातल्या एखाद्या घरातलं दृश्य असं असे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. कॅलिफोर्नियातली मुलाखत असेल तर रात्रीचे साडेनऊ. मुलाखतीआधी तिथले निवासी डॉक्टर उमेदवारांशी अनौपचारिक गप्पा मारतात. पूर्वी हे जेवणाच्या टेबलावर व्हायचं, आता झूमवर. त्यांचे संध्याकाळचे सात म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. म्हणजे उमेदवार पहाटे उठून हसतमुखाने गप्पा मारणार, दिवसभर आपल्या रुग्णालयातली ड्युटी करणार आणि रात्री पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसणार. वरती टाय-कोट, समोर डोळ्यांच्या उंचीवर आणलेला लॅपटॉप, त्याखाली पॅथॉलॉजीची जाडजूड पुस्तकं रचलेली. मागची भिंत कोरी दिसावी म्हणून कॅलेंडर उतरवलेलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद, दाराला कडी. इन्व्हर्टर चार्ज केलेला, मोबाइलचं हॉटस्पॉट हाताशी. वीस-पंचवीस मिनिटांची एक खोली, मग दुसरी, मग तिसरी, आणि मधल्या वेळात रुग्णालयाची ध्वनिचित्रफीत: हा आमचा अतिदक्षता विभाग, ही आमची कँटीन.

याचा फायदा उघड होता. विमानाचा खर्च गेला. भंडाऱ्यात किंवा गोंदियात ड्युटीवर असलेल्या डॉक्टरलाही रजा न घेता बोस्टनची मुलाखत देता येऊ लागली. मग परदेशी पदवीधरांची निवड वाढली असेल, असं वाटेल. आकडे बघा. 2020 च्या मॅचमध्ये अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी 61.1 टक्क्यांना जागा मिळाली. 2021 मध्ये, पहिल्या आभासी हंगामानंतर, हे प्रमाण 54.8 टक्क्यांवर आलं. जागा मिळालेल्यांची संख्या मात्र किंचित वाढलीच होती, 4,222 वरून 4,356. रांगच लांबली होती. प्रवासाचा खर्च हा क्रूर होता खरा, पण तो गाळणीचं कामही करत होता. ती गाळणी गेल्यावर जास्त उमेदवार रांगेत आले, आणि चमकदार गुणांच्या उमेदवारांना एरवी दहा ठिकाणी जायला जमलं असतं तिथे आता वीस मुलाखती स्वीकारता येऊ लागल्या. एकाच उमेदवाराने वीस वेळा घेतलेली खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी मिळत नाही. यावर उपाय म्हणून कान-नाक-घसा शाखेने त्याच हंगामात एक युक्ती केली: उमेदवाराने मोजक्याच रुग्णालयांना ‘मला खरोखर तुमच्याकडेच यायचं आहे’ असा संकेत पाठवायचा. पुढच्या वर्षांत इतर अनेक शाखांनी ही कल्पना उचलली आणि साथ ओसरल्यावरही मुलाखती बहुतांशी पडद्यावरच राहिल्या.

पडद्यावर माणूस कळतो का, ही शंका मात्र सगळ्यांनी घेतली. रुग्णालयांचे प्रमुख म्हणत, समोर बसवल्याशिवाय अंदाज येत नाही. उमेदवार म्हणत, वॉर्डात फिरल्याशिवाय तिथल्या परिचारिका निवासी डॉक्टरांशी कशा बोलतात हे समजत नाही. दुसऱ्या तक्रारीत मला तथ्य वाटतं. पहिल्याविषयी एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण मुलाखतीवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी.

1979 मध्ये ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने सुमारे 800 उमेदवारांच्या मुलाखती घेऊन क्रम लावला आणि वरच्यांतून 150 जण निवडले. नंतर राज्याच्या विधिमंडळाने जागा 50 ने वाढवल्या. तोवर यादीतली चांगली मुलं दुसरीकडे गेली होती. उरले होते ते क्रमाच्या तळाशी असलेले, सातशेच्या पुढचे. त्यांतलेच 50 घ्यावे लागले. वरचे आणि तळाचे यांच्यातलं अंतर बहुतांशी मुलाखतीतल्या गुणांमुळे पडलेलं होतं. या दोन गटांवर पुढची वर्षं नजर ठेवली गेली. शिक्षण अर्धवट सोडण्याचं प्रमाण, वर्गातली आणि वॉर्डातली कामगिरी, पदवीनंतरचं पहिलं वर्ष, कशातच लक्षणीय फरक दिसला नाही. 1987 मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्यांना अनुभवी प्राध्यापकांनी समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून नापसंत केलं होतं, ते तितकेच चांगले डॉक्टर झाले.

म्हणजे ढोबळ गप्पांची मुलाखत समोरासमोर असतानाही फारसं सांगत नव्हती. पडद्यामुळे ती बिघडली, असं म्हणायला आधी ती धड असायला हवी होती. जिथे सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरांना आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देतात, अशी आखीव मुलाखत मात्र बरी ठरते, आणि ती पडद्यावरही तशीच घेता येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने तर छोट्या छोट्या खोल्यांची मालिका केली: प्रत्येक खोलीत एक प्रसंग, एक परीक्षक, काही मिनिटं, मग पुढची खोली. एका परीक्षकाची मर्जी सगळा निकाल ठरवू शकत नाही.

आता आपल्याकडे परतू. मुलाखतच नसल्यामुळे महासाथीत आपल्याला काहीच अडचण यायला नको होती. परीक्षा संगणकावर, पसंतीक्रम संगणकावर, वाटप संगणकावर. पडद्यावर न्यायचं असं काही उरलंच नव्हतं. आणि घडलं नेमकं उलट.

नीट-पीजी 2021 होणार होती 18 एप्रिलला. त्या आठवड्यांत भंडारा जिल्ह्यात दुसरी लाट टोकाला पोचली होती. सक्रिय रुग्ण बारा हजारांच्या वर गेले होते. तीन दिवस आधी परीक्षा पुढे ढकलली. त्या घडीला ते योग्यच होतं, ज्यांनी परीक्षा द्यायची तेच डॉक्टर कोविड वॉर्डात उभे होते. 3 मे रोजी केंद्राने जाहीर केलं की किमान चार महिने परीक्षा होणार नाही आणि नवी तुकडी येईपर्यंत अंतिम वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी कामावर राहावं. पुढे लाट ओसरली. 6 ऑगस्टला भंडाऱ्यातला शेवटचा कोविड रुग्ण घरी गेला आणि महाराष्ट्रातला पहिला कोविडमुक्त जिल्हा म्हणून भंडाऱ्याचं नाव छापून आलं. परीक्षेला तेव्हा अजून महिना बाकी होता. ती झाली 11 सप्टेंबरला. निकाल त्याच महिन्यात लागला. मग अखिल भारतीय कोट्यात इतर मागासवर्गीयांना 27 टक्के आणि आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के आरक्षण देण्याच्या जुलैमधल्या निर्णयाला आव्हान मिळालं, दुर्बल घटकाची आठ लाखांची उत्पन्नमर्यादा कशी ठरवली यावर सुनावणी अडली आणि समुपदेशन थांबलं. नोव्हेंबरच्या अखेरीस देशभरातल्या निवासी डॉक्टरांनी ओपीडीवर बहिष्कार टाकला. त्यांचं म्हणणं साधं होतं: तीन वर्षांचं काम आम्ही दोन वर्षांच्या माणसांत करतोय. 7 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने आरक्षण मान्य करत त्या वर्षासाठी मार्ग मोकळा केला, 12 जानेवारीला समुपदेशन सुरू झालं. तोवर ओमायक्रॉनची लाट आली होती.

हे वेळापत्रक वॉर्डात कसं दिसतं ते बघायला हवं. मेडिकलमध्ये एखाद्या युनिटचं काम तीन पायऱ्यांवर चालतं. जेआर-1 राबतो, जेआर-2 त्याच्यावर लक्ष ठेवतो, जेआर-3 निर्णय घेतो आणि शिकवतो. पहिली पायरीच नसली की जेआर-2 पुन्हा रक्ताचे नमुने पाठवायला लागतो आणि त्याने ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो रुग्ण तसाच राहतो. 2021 च्या रोवणीत एकोडीकडून पहाटे निघालेल्या माणसाला मेडिकलमध्ये डॉक्टर भेटला असता, पण नव्या दमाची तुकडी त्या वर्षी आलीच नव्हती. भेटला असता तो वर्षभर कोविड वॉर्ड ओढून थकलेला आणि दोघांचं काम एकट्याने करणारा. मण्यारच्या रुग्णाचं निदान एका नेमक्या प्रश्नावर अवलंबून असतं, आणि तो प्रश्न थकलेल्या डोक्याला सुचणं फार कठीण.

अमेरिकेत त्याच वर्षी मॅचचा निकाल 19 मार्च 2021 ला, ठरल्या दिवशी लागला. तिथे साथ कमी होती असं कोणी म्हणणार नाही. अवघड, खर्चिक, माणसांवर अवलंबून असलेली निवडपद्धत त्यांनी काही महिन्यांत पडद्यावर नेली, कारण जुलैमध्ये वॉर्डात माणूस उभा असलाच पाहिजे ही गोष्ट त्यांनी वादातीत मानली होती. आपली पद्धत पडद्यावरच होती, पण तारीख कोणालाच पवित्र वाटत नव्हती. परीक्षा, आरक्षणाची अधिसूचना, न्यायालयाची तारीख, हे सगळं आपापल्या गतीने चाललं आणि वॉर्डातली रिकामी पायरी कोणाच्याच कागदावर नव्हती. आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा होता आणि न्यायालयात जाण्याचा हक्कही. पण परीक्षेच्या तोंडावर, जुलैमध्ये निर्णय जाहीर करून त्याच वर्षी लागू केला की वाद त्याच वर्षाच्या रुग्णांच्या जिवावर चालतो, एवढं तरी सरकारला आधी कळायला हवं होतं.

मुलाखत आपल्याकडे आणावी, असं मला वाटत नाही. भंडाऱ्याच्या झाडीबोलीत दुखणं सांगणारी म्हातारी ज्याला समजते असा डॉक्टर हवा, हे मान्य. अखिल भारतीय कोट्यातून केरळ-राजस्थानहून आलेला जेआर-1 पहिल्या सहा महिन्यांत कामापुरती मराठी शिकतोच, आणि शिकवायची जबाबदारी निवडसमितीपेक्षा युनिटची जास्त आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मॅकमास्टरसारख्या चार खोल्यांचा सराव, त्यातल्या एका खोलीत भंडाऱ्याच्या बोलीत पोटदुखी सांगणारा रुग्ण, एवढं केलं तरी खूप होईल. याला वशिला लागत नाही आणि कोणाची जागाही जात नाही.

भंडाऱ्याला आता स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे केलं, त्यांतलं एक भंडाऱ्याचं, एमबीबीएसच्या 100 जागांचं. काही वर्षांनी तिथे पदव्युत्तर जागा येतील आणि साकोलीकडचा रुग्ण नागपूरच्या अलीकडेच निवासी डॉक्टरच्या हाती लागेल. तो निवासी डॉक्टर मेमध्ये रुजू होईल की डिसेंबरमध्ये, हे मात्र भंडाऱ्यात ठरणार नाही. 2024 ची नीट-पीजी परीक्षेच्या आदल्या रात्री, 22 जूनला पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला झाली. पहिल्या फेरीचं वाटप नोव्हेंबरमध्ये झालं. 2025 ची जूनची परीक्षा 3 ऑगस्टला गेली. कोणतीही साथ नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये घालून दिलेल्या वेळापत्रकात पदव्युत्तर वर्ग 1 मेला सुरू व्हावेत आणि प्रवेश 31 मेपर्यंत संपावेत, असं लिहिलेलं आहे. ते पाळलं गेलं, तर नवा जेआर-1 जुलैपर्यंत कॅज्युअल्टीत दोन महिने मुरलेला असेल.